गर्भिणीचे छायाचित्र : पूर्वतयारीचा एक विचार

१

मराठी घरांतील जुन्या छायाचित्रांचे संग्रह चाळताना एक चित्र वारंवार आढळते. अंगभर फुलांचे दागिने ल्यालेली एक तरुणी खुर्चीवर अथवा झोपाळ्यावर बसलेली असते. कधी तिच्या हाती फुलांनी मढविलेले धनुष्य असते, कधी तिच्यामागे रंगविलेल्या पडद्यावर चंद्रकोर उगवलेली असते. तिच्या पाठीशी एक आरसा किंचित तिरका ठेवलेला असतो व त्यात तिची फुलांनी भरलेली वेणी दिसते. तिचे लुगडे हिरवे असते. काळ्यापांढऱ्या चित्रात हा रंग दिसत नाही, परंतु पाहणाऱ्या घरच्या माणसांना तो सांगावा लागत नाही. हे डोहाळजेवणाचे छायाचित्र होय.

आज या चित्राच्या शेजारी, आणि पुष्कळदा त्याच्या जागी, दुसरे एक चित्र आले आहे. त्याला ‘मॅटर्निटी फोटोशूट’ असे नाव मिळाले असून मुंबई-पुण्याप्रमाणेच चाळीसगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही हा शब्द आता कोणास समजावून द्यावा लागत नाही. लांब घोळाचा झगा, उदरावर ठेवलेले हात, मावळतीचा प्रकाश, पतीने टेकविलेले मस्तक, हे त्याचे ठरलेले घटक होत. अशा चित्रांविषयी बोलताना दोन सोप्या भूमिका घेतल्या जातात. एक भूमिका त्यांना परकीय अनुकरण म्हणून झिडकारते; दुसरी त्यांना स्त्रीच्या मोकळेपणाची खूण म्हणून गौरविते. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांपासून दूर राहून एक निराळा प्रश्न पुढे मांडावयाचा आहे. तो असा की, गर्भिणीचे छायाचित्र काढण्यापूर्वी जी तयारी केली जाते, त्या तयारीत तिच्या इच्छेला कोणते स्थान असते? चित्राचे मूल्यमापन या प्रश्नाच्या उत्तरावरून करावे, त्याच्या जुनेपणावरून अथवा नवेपणावरून करू नये, असे आमचे म्हणणे आहे. या विवेचनासाठी चाळीसगाव हे स्थान केवळ सोयीसाठी निवडलेले नाही. पूर्वतयारी ही छायाचित्राची निम्मी कला आहे, हे ज्यांच्या कार्यातून स्पष्टपणे शिकता येते ते केकी मूस याच गावचे. त्यांच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

२

प्रथम जुन्या चित्राची घडण पाहू. डोहाळजेवण हा विधी बहुधा पहिलटकरणीचा असून तो सामान्यतः सातव्या महिन्यात होतो. तिची ओटी भरतात, तिला आवडीचे पदार्थ जेवू घालतात, फुलांची वाडी भरतात आणि डोहाळे गातात. वाडीचेही प्रकार आहेत : बागेतली, चांदण्यातली, नावेतली. या प्रकारांचे गाण्यांशी नाते आहे. डोहाळ्यांची गाणी महिन्यामहिन्याने पुढे सरकतात आणि प्रत्येक महिन्याला एक इच्छा जोडतात. कधी बागेत बसावेसे वाटते, कधी नावेतून जावेसे वाटते. गाण्यात जी इच्छा शब्दाने व्यक्त होते, ती वाडीत आरास होऊन उभी राहते. छायाचित्रकाराने आपल्या पडद्यावर चंद्र आणि नाव रंगविली, तेव्हा त्याने नवीन काही निर्माण केले नाही. गाण्याची आणि वाडीची परंपरा त्याने कॅमेऱ्यापुढे आणून बसविली, इतकेच.

या घडणीतील सर्वांत सूचक वस्तू म्हणजे आरसा. चित्र समोरून काढावयाचे, परंतु केलेले सर्व श्रम तर पाठीवर. नणंदाजावांनी, शेजारणींनी तास-दोन तास बसून गुंफलेली वेणी चित्रात आलीच पाहिजे, या हट्टातून आरशाची योजना झाली. त्यामुळे एकाच चित्रात स्त्रीची दोन रूपे येतात. समोरचा चेहरा तिचा स्वतःचा असतो; आरशातील पाठ ही जणू तिला सजविणाऱ्या बायकांच्या हातांची नोंद असते. या हातांचे मूळ फार मागे शोधता येईल. गर्भिणीच्या संस्कारांत सीमंतोन्नयन हा केसांचाच संस्कार आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात तो चौथ्या महिन्यात सांगितला असून साळिंदराचा काटा, दर्भ आणि कच्च्या फळांचा घोस यांनी पतीने पत्नीचा भांग वर काढावा असे म्हटले आहे. त्या प्रसंगी वीणावादकांना सोमराजाचे गायन करावयास सांगतात. केशरचना आणि गायन यांचा असा योग त्या संस्कारातही आहे आणि डोहाळजेवणातही आहे. दोहोंचा थेट वारसा सिद्ध करता आला नाही तरी हे साम्य नजरेआड करण्याजोगे खचित नाही.

मात्र या चित्राकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य होणार नाही. त्यात जे दिसत नाही तेही लक्षात घेतले पाहिजे. उदर दिसत नाही. ते पदराने व फुलांनी झाकलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची गर्भिणी बहुधा दिसत नाही. ओटी भरणाऱ्यांत विधवेला स्थान नसे, म्हणून समारंभाच्या चित्रात तीही दिसत नाही. रानात कापूस वेचणारी अथवा ऊसतोडीला बिऱ्हाडासह जाणारी गर्भिणी तर या संग्रहात शोधूनही सापडावयाची नाही. शिवाय तिच्या हातातील धनुष्य हे निर्हेतुक नाही. रामासारखा पराक्रमी पुत्र व्हावा, ही इच्छा त्या धनुष्याने तिच्या हाती दिलेली असते. ती तिची असेलही. परंतु तिला विचारून दिलेली असते असे मात्र म्हणता येत नाही.

३

येथे ‘डोहाळे’ या शब्दाकडेच वळणे आवश्यक आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘दोहद’ या शब्दात आहे, हे सर्वमान्य आहे. ‘दोहद’ कशापासून आला याविषयी मात्र मतभेद आहेत. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि म्हणून दोन हृदये असलेल्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतात, असा अर्थ दिला आहे. आधुनिक भाषाभ्यासकांपैकी काहींनी शब्दाचा संबंध ‘दौर्हृद’, म्हणजे मळमळ वा मनाची अस्वस्थता, याच्याशी जोडला आहे. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली तरी सुश्रुताने काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. गर्भिणीची इच्छा अवमानिली गेल्यास अपत्य व्यंग घेऊन जन्मते, असे तो बजावतो. वैद्यकीय दृष्ट्या आज हे मान्य होण्याजोगे नाही. पण सामाजिक दृष्ट्या त्याचा परिणाम पाहावा. ज्या समाजात सुनेच्या इच्छेला एरवी फारसे कोणी विचारीत नव्हते, त्या समाजात काही महिन्यांपुरती का होईना, तिची इच्छा ही दुर्लक्ष करता न येणारी गोष्ट ठरली.

कथावाङ्मयाने या संकेताचा किती विविध उपयोग करून घेतला हे मॉरिस ब्लूमफिल्ड यांनी १९२० साली आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले आहे. कधी दोहद पतीला पराक्रमास प्रवृत्त करतो, कधी त्याच्या जिवावर बेततो, आणि कधी तर स्त्री आपला हेतू साधण्यासाठी खोट्या दोहदाचे निमित्त करते. या शेवटच्या प्रकारावरून टीकाकाराने बोध घ्यावा असा आहे. इच्छा सरळपणे बोलून दाखविण्याची सोय नसते, तेव्हाच ती निमित्ताचा आश्रय घेते.

कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेचे जे वर्णन केले आहे, ते गर्भिणीच्या कोणत्याही चित्राला कसोटी म्हणून लावावे अशा योग्यतेचे आहे. शरीराच्या ग्लानीमुळे तिने सगळे अलंकार घातलेले नाहीत. तिचा चेहरा फिकट झाला आहे. पहाट जवळ आलेल्या आणि चांदण्या विरळ झालेल्या रात्रीसारखी ती दिसते. अलंकार कमी केल्याने सौंदर्य उणे न होता येथे ते त्या अवस्थेशी अधिक सुसंगत झाले आहे. आणि दिलीप काय करतो? लज्जेमुळे राणी आपली इच्छा बोलणार नाही हे ओळखून तो तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारतो की तिला कशाची आवड वाटते आहे. राजाची सर्व तयारी या विचारण्यापासून सुरू होते.

भवभूतीच्या उत्तररामचरितात तर गर्भिणी आणि चित्र यांची प्रत्यक्ष भेट आहे. पहिल्या अंकात पूर्णगर्भा सीतेच्या करमणुकीसाठी लक्ष्मण रामचरिताची चित्रे दाखवितो. तिचा जो दोहद असेल तो विनाविलंब पुरवावा असा वडीलधाऱ्यांचा निरोप आलेला आहे. चित्रे पाहता पाहता सीतेला पुन्हा वनात जाण्याची, भागीरथीत स्नान करण्याची इच्छा होते आणि राम रथ सिद्ध करावयास सांगतो. लगेच दुर्मुख लोकापवादाची वार्ता आणतो, आणि इच्छा पुरविण्यासाठी मागविलेला तोच रथ त्यागाचे साधन होतो. स्त्रीला तिची इच्छा विचारावी, ती हौसेने पुरवावी, आणि त्याच वेळी तिच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेऊन टाकावा, हा विरोध भवभूतीने चित्रदर्शनाच्या प्रसंगातूनच उभा केला आहे. हौस पुरविणे आणि स्त्रीला स्थान देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्याचा अर्थ आजच्या चित्रांनाही लागू पडतो.

४

आता नव्या चित्राकडे येऊ. ते केवळ आजकालचे आहे ही समजूत बरोबर नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गर्भवती स्त्रियांची व्यक्तिचित्रे काढविण्याची रीत होती. मार्कस घेरार्ट्स या चित्रकाराने रंगविलेल्या अशा स्त्रिया उदरावर हात ठेवून उभ्या आहेत. या परंपरेवर लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये २०२० साली एक स्वतंत्र प्रदर्शनही भरले होते. त्या चित्रांमागे आनंदाइतकेच भय होते. प्रसूतीत स्त्री दगावली तर मागे तिची आठवण राहावी, हा त्यांचा एक हेतू मानला जातो. आपल्याकडे बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म म्हणतात, त्याचाही आशय हाच आहे. डोहाळजेवणाच्या छायाचित्रातील तरुणीचा चेहरा पुष्कळदा गंभीर का असतो, याचे उत्तर केवळ त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे स्थिर बसण्याच्या सक्तीत नसावे.

आधुनिक चित्राला सार्वजनिक रूप आले ते मात्र १९९१ साली. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात ‘व्हॅनिटी फेअर’ या अमेरिकन नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ॲनी लीबोविट्झ यांनी काढलेले डेमी मूर या अभिनेत्रीचे, सात महिन्यांची गर्भवती असतानाचे विवस्त्र छायाचित्र प्रसिद्ध झाले व त्यावर मोठा गदारोळ उठला. त्या चित्राने जे उदर लपवावयाचे ते चित्राच्या मध्यभागी आणले. गर्भावस्था ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही, हे त्याचे सांगणे होते आणि ते ऐकण्याजोगे होते. आपल्याकडील नव्या चित्रांनीही एवढे कार्य निश्चितपणे केले आहे. जुन्या चित्रात गर्भिणी फुलांच्या आड होती. नव्या चित्रात ती आपल्या अवस्थेसह समोर आहे. जुन्या चित्रात पती अभावानेच आढळतो. नव्यात तो आहे. दुसऱ्या खेपेचीही चित्रे आता निघतात, आणि थोरले मूल आईच्या पोटाला कान लावून त्यात उभे असते. हे लाभ नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु अपूर्व असलेली एक मुद्रा हजारदा काढली गेली की ती साचा बनते. आजची तयारी बहुधा नमुन्यांपासून सुरू होते. दांपत्यापुढे चित्रांचे नमुने ठेवले जातात. त्यांतून झगा, जागा आणि मुद्रा निवडली जाते. निवड आहे, म्हणून इच्छा आहे, असे वरवर वाटते. वस्तुतः निवडीचा आवाका दुसऱ्याने आधीच आखून दिलेला असतो. डोहाळ्यांच्या गाण्यातील इच्छा साचेबंद होत्या हे खरे. पण त्या तिच्या परिसरातल्या होत्या, आणि गाणाऱ्या बायका स्वतः त्या अवस्थेतून गेलेल्या होत्या. नमुन्यांच्या पुस्तकाला तो अनुभव नाही.

५

यावर असा आक्षेप घेता येईल की, मांडणी आणि पूर्वतयारी आली की कृत्रिमता आलीच. मग एका तयारीला बरी आणि दुसरीला वाईट का म्हणावे? याचे उत्तर शोधताना चाळीसगावचा दाखला उपयोगी पडतो. कैखुश्रू माणेकजी ऊर्फ केकी मूस (१९१२–१९८९) यांनी इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतले आणि परतल्यावर चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरात जवळजवळ पाच दशके स्वेच्छेने स्वतःला कोंडून घेतले. त्यांच्या एकांताविषयी गावात प्रेमकथा सांगितल्या जातात. त्यांत येथे शिरावयाचे कारण नाही. त्यांचे घर आज कलासंग्रहालय म्हणून जपले गेले आहे. त्यांची कीर्ती मुख्यतः ‘टेबल टॉप’ छायाचित्रणासाठी आहे. मेजावर लहान लहान वस्तूंची मांडणी करावयाची, प्रकाश हवा तसा सोडावयाचा आणि एकाच दृष्टिबिंदूतून असे चित्र घ्यावयाचे की पाहणाऱ्यास विस्तीर्ण निसर्ग समोर असल्याचा भास व्हावा, हे या प्रकाराचे तंत्र. येथे चित्र घेण्याचा क्षण अल्प असतो. तयारी दीर्घ असते. जी व्यक्ती घराबाहेर पडत नाही, ती मेजावर साऱ्या ऋतूंना बोलावून आणते, हे केवळ पूर्वतयारीच्या बळावर शक्य होते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, तयारी म्हणजे असत्य नव्हे. उत्तम तयारी स्वतः पडद्याआड जाते आणि पाहणाऱ्याचे लक्ष प्रतीतीकडे नेते. उलट ज्या चित्रात झग्याचा घोळ, धूर आणि फुग्यांची कमान हेच आधी नजरेत भरतात व त्यांत उभी असलेली स्त्री मागाहून दिसते, त्या चित्रातील तयारी अयशस्वी झाली असे म्हणावे लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती या दाखल्याची मर्यादाही दर्शविते. मेजावरील वस्तूला इच्छा नसते. तिला हवी तितकी वळवावी, हव्या तितक्या वेळ उभी ठेवावी, तिची तक्रार नसते. गर्भिणी ही मेजावरची वस्तू नव्हे. तिला तशी वागविणारा छायाचित्रकार मांडणीच्या तंत्रात कितीही निपुण असला तरी विषयाचे स्वरूप ओळखण्यात चुकलेला असतो. वस्तूच्या चित्रात तयारीचा प्रारंभ मांडणीने होतो. गर्भिणीच्या चित्रात तो विचारण्याने झाला पाहिजे. दिलीपाने सख्यांपाशी केलेली पृच्छा ही या कलेतील पहिली पायरी आहे.

६

या तत्त्वावरून काही व्यावहारिक निकष सुचतात. ते छायाचित्रकाराच्या धंद्याचे वाटले तरी समीक्षकाला टाळता येण्याजोगे नाहीत. कारण चित्रात जे येते ते यांतूनच येते.

पहिला निकष शरीराचा. चित्रासाठी सातवा-आठवा महिना निवडतात, कारण तेव्हा उदराची गोलाई स्पष्ट झालेली असते आणि शेवटच्या दिवसांचा थकवा अजून आलेला नसतो. परंतु याच काळात फार वेळ पाठीवर उताणे निजविणे इष्ट नसते. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घेरी येण्याचा संभव असतो. कुशीवर, शक्यतो डाव्या, निजणे बरे. फुलांच्या पसाऱ्यात उताणी निजलेली गर्भिणी ही मुद्रा आज फार लोकप्रिय आहे. ती घ्यावयाचीच असेल तर क्षणभरापुरती, आणि पाठीखाली एका बाजूस उशी देऊन घ्यावी. डोहाळजेवणातील स्त्री बहुधा बसलेली असे, या साध्या गोष्टीत शहाणपण होते.

दुसरा निकष प्रकाशाचा आणि ऋतूचा. खानदेशात वैशाखातला पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. अशा दिवसांत परगावचे नमुने पाहून दुपारी माळरानावर नेलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर जो ताण येतो, तो कोणत्याही कौशल्याने पुसता येत नाही. सकाळचा पहिला तास किंवा घरातल्या खिडकीचा बाजूने येणारा प्रकाश येथे अधिक उपकारक ठरतो. घराच्या चार भिंतींत प्रकाश कसा साधावा हे ज्या गावाने पाहिले आहे, त्या गावाला हे निराळे सांगावयास नको.

तिसरा निकष हाती दिल्या जाणाऱ्या वस्तूंचा. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडावयास सांगतात : पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ आता छायाचित्राचा ठरीव प्रसंग झाला असून निळ्या-गुलाबी फुग्यांनी त्याला नवे रूप दिले आहे. खेळ म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राला १९८८ साली आणि केंद्राला १९९४ साली कायदा करावा लागला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती, ही वस्तुस्थिती ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चित्र निर्विकारपणे पाहता येणार नाही. पेढा निघाल्यावर उठणारा जल्लोष आणि बर्फी निघाल्यावर येणारे समजुतीचे हसू यांतील अंतर कॅमेरा प्रामाणिकपणे टिपतो. पुढे त्या घरातील मुलगी हे चित्र पाहील तेव्हा तिला त्यात काय दिसेल, हा प्रश्न तयारीच्या वेळीच विचारावयाचा असतो. जुन्या चित्रातील धनुष्याला जो आक्षेप, तोच या वाट्यांना आहे.

चौथा निकष पाहणाऱ्यांचा. गर्भिणीचे चित्र काढले तर तिला दृष्ट लागते, ही समजूत अनेक घरांत आहे. तिच्यातील कार्यकारणभाव खोटा आहे हे स्पष्टच आहे. परंतु तिच्या तळाशी एक खरा प्रश्न दडलेला आहे : हे चित्र कोण पाहणार? जुने छायाचित्र घरातल्या संग्रहात राहत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घरची स्त्रीच ते दाखवीत असे. आजचे चित्र तासाभरात सर्वत्र पोहोचू शकते. कित्येकदा छायाचित्रकाराच्या जाहिरातीतही ते येते. कोणते चित्र घरात राहील व कोणते बाहेर जाईल, हे ठरविण्याचा अधिकार त्या स्त्रीचा असून तो पती, सासर अथवा व्यावसायिक यांपैकी कोणाचाही नव्हे. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढून तिचा कारभार एका स्त्रीकडे सोपविला होता. कारण तेव्हा पडद्याची रीत होती. पण कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे याने समोरच्या स्त्रीच्या मोकळेपणात फरक पडतो, ही जाण त्यात होती, आणि ती आजही जुनी झालेली नाही.

७

या सर्व विवेचनाचा सारांश थोडक्यात मांडता येईल. डोहाळजेवणाच्या छायाचित्रात तयारी बायकांच्या हातांनी होत होती. त्या हातांत माया होती, पण रूढीही होती. नव्या चित्राने रूढीचा काही भाग सोडविला आणि त्या जागी नमुना आणून बसविला. दोहोंत एकच उणीव राहू शकते, ती म्हणजे ‘तुला काय हवे आहे?’ हा प्रश्न न विचारण्याची. आणि तो प्रश्न विचारताना ‘मला चित्र नको’ हे उत्तरही ऐकून घेण्याची तयारी असली पाहिजे. कारण नकार हाही एक डोहाळा असू शकतो.

लोकसाहित्याच्या आणि कलासमीक्षेच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे गांभीर्याने पाहावे अशी आमची अपेक्षा आहे. डोहाळ्यांची गाणी संग्रहित झाली आहेत. त्यांच्या शेजारी ही छायाचित्रेही ठेवून वाचली पाहिजेत. खानदेशातील घरोघरच्या संग्रहांत ती अजून आहेत. कागद पिवळे पडत आहेत आणि चित्रातील स्त्रिया वृद्ध होत आहेत. त्यांच्यापाशी बसून, आरशाच्या बाजूस उभे राहून वेणी कोणी घातली होती, धनुष्य कोणी हाती दिले होते आणि त्या दिवशी खरोखर काय खावेसे वाटत होते, हे विचारून घेतले पाहिजे. ज्या प्रश्नाने चित्राची तयारी सुरू व्हावयास हवी होती, तो उशिरा का होईना, त्यांना विचारला जाईल.